पाणी एकच आहे, असं आपल्या सुपरवायझरांनी सांगितलं त्याबद्दल

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग,
आणि त्यांच्याही वर कोणी असतील तर ते.

विषय : अहमदाबाद–उदयपूर–अहमदाबाद एकदिवसीय सहलीत पिछोला तलावाचे पैसे घेऊन फतेहसागर तलावात फिरवल्याबाबत.

महोदय,

आपल्या माणसाने आज सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी माझा फोन मध्येच ठेवला. म्हणून हे पत्र. हा पाचवा फोन होता. बुकिंग क्रमांक पाचही वेळा सांगितला आहे, सहाव्यांदा लिहीत नाही. आपल्याकडे तो आहे, कारण पैसे त्याच क्रमांकावर कापून घेतलेत. माणशी ३,८५०, चौघांचे १५,४००.

सहल काय होती हे आपल्याला समजावून सांगायची गरज नसावी. पत्रक आपणच छापलंय. त्यावर अर्धं पान भरून पाण्याच्या मधोमध तरंगणारा पांढरा महाल आहे. तो जगनिवास, म्हणजे आताचं लेक पॅलेस हॉटेल. दुसऱ्या महाराणा जगतसिंहांनी १७४६ मध्ये पुरा केलेला. तो पिछोल्यात आहे. फोटोखाली लिहिलंय : 'सायं. ४.३० – पिछोला सरोवरात बोट क्रूझ, जगमंदिर बेटासह.' हे वाक्य वाचून मी पैसे भरले. अहमदाबादला भाचीचं लग्न होतं, मध्ये एक दिवस मोकळा मिळत होता, आणि आईला जगमंदिर बघायचं होतं.

आईबद्दल दोन ओळी लिहितो. ती ७६ वर्षांची आहे. एकतीस वर्षं तिने शाळेत इतिहास शिकवला. जहांगीरविरुद्ध बंड केलेल्या खुर्रमला, म्हणजे पुढच्या शाहजहानला, मेवाडच्या राण्याने याच बेटावर आसरा दिला, हे तिने किती वर्गांना सांगितलं असेल देव जाणे. बेट स्वतः कधी पाहिलं नव्हतं. तिथल्या धक्क्यावर दगडी हत्तींची रांग आहे, पाण्याकडे तोंड करून उभी. तिला ते हत्ती बघायचे होते. गुडघे दुखत असताना ही बाई पहाटे पाचला आवरून बसस्टॉपवर उभी होती. बस पाच पन्नासला आली. त्याबद्दल मी तक्रारसुद्धा केलेली नाही, नोंद घ्यावी.

उदयपूरला पोचायला सव्वाअकरा झाले. अडीचशे किलोमीटरच्या वर रस्ता आहे, तेवढे लागणारच. सिटी पॅलेस बरा दाखवला. मोर चौकातले काचेचे मोर पाहून मुलगी खूश झाली. वरच्या एका झरोक्यातून पिछोला दिसत होता, अगदी समोर. जगनिवास दिसला, त्याच्यामागे जगमंदिरही दिसलं. आईने हाताने दाखवलं, ''ते बघ, संध्याकाळी तिथे जायचंय.'' तलावात बोटी चालू होत्या. मी स्वतः चार मोजल्या. हा आकडा पुढे लागणार आहे.

पिछोल्याच्या बोटी रामेश्वर घाटावरून सुटतात. हा घाट सिटी पॅलेसच्या आवारातच आहे. म्हणजे आम्ही तिथे होतो. नुसतं खाली उतरायचं होतं. तिथून आपण आम्हाला परत बसमध्ये बसवलंत आणि जेवण झाल्यावर एका एम्पोरियममध्ये नेलंत.

एम्पोरियम पत्रकात नाही. तिथे एक तास वीस मिनिटं गेली. खारीच्या शेपटीच्या केसांचा ब्रश दाखवला, लघुचित्रं दाखवली, मग बांधणी, मग रजया. फेब्रुवारीत पुण्याच्या माणसाने जयपुरी रजई का घ्यावी, हे आपल्या गाइडला विचारून कळवावं. एका चित्रकाराने माझ्या मुलीच्या अंगठ्याच्या नखावर एक हत्ती काढून दिला. सुंदर काढला, खोटं कशाला बोलू. आईने त्या दिवशी पाहिलेला हत्ती तेवढाच.

सव्वापाचला बस एका तलावाच्या काठी थांबली आणि गाइडने 'बोटिंग, बोटिंग' करत सगळ्यांना उतरवलं. आई बोटीत बसली, तिने मान वळवली आणि मला म्हणाली, ''अरे, ही मोती मगरीची टेकडी. वर प्रताप आहे चेतकवर. हा फतेहसागर आहे.'' मी गाइडला विचारलं. तो म्हणाला, ''सर, लेक ही है.'' आईने विचारलं, जगमंदिर कुठंय? त्याने पाण्यातल्या एका बेटावरच्या इमारतीकडे बोट केलं. ''वो रहा माताजी.''

ती सौर वेधशाळा आहे.

सूर्याचा अभ्यास करण्यासाठी गेल्या शतकात सत्तरच्या दशकात उभारलेली. चहूबाजूंनी पाणी असलं की हवा स्थिर राहते आणि दुर्बिणीतून सूर्य नीट दिसतो, म्हणून ती बेटावर आहे. आई एवढंच म्हणाली, ''खुर्रम काय दुर्बिणीतून बापाची फौज बघत होता का?'' बोटीतली दोन-तीन माणसं हसली. आई हसली नाही. ती पुढे बोललीच नाही, अहमदाबाद येईपर्यंत.

फतेहसागर वाईट तलाव आहे असं माझं म्हणणं नाही. महाराणा फतेहसिंहांनी फुटलेला बांध नव्याने बांधून घेतला म्हणून त्याला त्यांचं नाव. मधलं नेहरू पार्कही छान आहे. उदयपूरची माणसं संध्याकाळी त्याच्या पाळीवर हवा खायला येतात, आम्हीही आलो असतो. पण मी त्याचे पैसे भरले नव्हते. त्या बोटीचं तिकीट पिछोल्याच्या तिकिटापेक्षा बरंच स्वस्त असतं, हे आपल्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. मधला फरक कोणाच्या खिशात गेला हेही असेल.

लाइफ जॅकेटचंही इथेच लिहितो, नाहीतर रागाच्या भरात राहून जाईल. आईच्या जॅकेटचं बक्कल तुटलेलं होतं. माझ्या बायकोने आपल्या ओढणीने ते आईच्या पोटावर गाठ मारून बांधलं. बोटवाल्याला दाखवलं तर तो म्हणाला, ''कुछ नहीं होता.'' वडोदऱ्याच्या हरणी तलावात जानेवारी २०२४ मध्ये सहलीची बोट उलटून बारा मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या. ज्या गुजरातेतून आपण रोज बस भरून माणसं नेता तिथलीच ही गोष्ट आहे. बोट आपली नाही, मान्य. पण त्या बोटीत आम्हाला बसवलं आपण.

आता फोन.

पहिल्या फोनवर सांगितलं की पिछोल्यात पाणी कमी होतं. मी म्हटलं, दुपारी चार बोटी चालताना पाहिल्या. ''चेक करून सांगतो.'' दुसऱ्या फोनवर पिछोला हाउसफुल्ल होता. म्हणजे दोन दिवसांत पाणी वाढलं आणि माणसंही. तिसऱ्यावर एका मुलीने अतिशय गोड आवाजात अकरा मिनिटं होल्डवर ठेवलं आणि मग फोन कटला. चौथ्यावर भरपाई म्हणून माणशी २५० रुपयांचं कूपन देऊ केलं. नव्वद दिवसांत वापरायचं, आणि बुकिंग किमान दहा हजारांचं हवं. थोडक्यात, अडीचशे रुपये हवे असतील तर आधी दहा हजार आणा.

आणि आजचा पाचवा. हा जसा झाला तसा लिहितो, कारण आपल्याकडे 'प्रशिक्षणासाठी रेकॉर्ड' होत असला तरी तो ऐकत कोणी नसावं. हे स्वतः सुपरवायझर होते. माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मला वाटलं, चला, एक तरी माणूस भेटला. मग ते म्हणाले,

''सर, एक गोष्ट तुमच्या लक्षात आली नाहीये. पिछोला आणि फतेहसागर आतून जोडलेले आहेत.''

मी म्हटलं, म्हणजे?

''म्हणजे मध्ये स्वरूपसागर आहे, कालवा आहे. पिछोल्याचं पाणी फतेहसागरला जातं. पाणी एकच आहे सर. टेक्निकली बघाल तर तुम्ही पिछोल्याच्याच पाण्यात फिरलात.''

साहेब, कालवा आहे. स्वरूपसागरही आहे. ही माहिती खरी आहे, आणि हेच जास्त लागलं. म्हणजे या गृहस्थाला उदयपूर नीट माहीत आहे. कुठला तलाव कुठे, कोणाचं पाणी कुठे जातं, सगळं पाठ. ज्याला एवढं माहीत आहे त्याला पिछोला आणि फतेहसागर हे दोन तलाव आहेत हे माहीत नसेल?

माझा आवाज चढला, कबूल करतो. मी म्हटलं, ''अहो, मुळा-मुठेचं पाणी भीमेला मिळतं आणि भीमा पंढरपूरला जाते. उद्या तुम्ही मला पुण्यात संगम पुलाखाली पाण्यात उभं करून वारी झाली म्हणून सांगाल!''

दोन सेकंद शांतता. मला वाटलं, समजलं.

''पंढरपूरचं पॅकेज आहे सर आपल्याकडे. लिंक पाठवू का?''

मी काय बोललो ते इथे लिहीत नाही. त्यानंतर ११ वाजून ४० मिनिटांनी फोन ठेवला गेला.

वाईट कशाचं वाटलं ते सांगतो. आम्ही आपले जुने गिऱ्हाईक. अष्टविनायक आपल्याबरोबर, कोकण आपल्याबरोबर, वडील होते तेव्हा नर्मदेच्या घाटांना आपल्याबरोबर. त्या वेळी आपला एक मॅनेजर बस पंक्चर झाली म्हणून स्वतः रस्त्यावर उभा राहून सगळ्यांना चहा पाजत होता. ओंकारेश्वरच्या पायऱ्यांवर त्याने आईचा हात धरला होता. नाव आठवत नाही, चेहरा आठवतो. 'आपली माणसं आहेत' म्हणून चार पैसे जास्त गेले तरी आम्ही दुसरीकडे गेलो नाही. आता आपल्याकडे ॲप आहे, कूपन आहे, होल्डवर लावायला सनई आहे. तो माणूस आहे का अजून?

माझ्या मागण्या.

पूर्ण पैसे मागत नाही. बस चालली, जेवण मिळालं, सिटी पॅलेस पाहिला, त्याचे ठेवा. पिछोल्याच्या क्रूझचे आणि जगमंदिरचे चौघांचे जे पैसे पॅकेजमध्ये धरले होते ते परत करा, आणि ते किती धरले होते याचा हिशोब लेखी द्या. कूपन नको. एम्पोरियममध्ये घालवलेल्या एक तास वीस मिनिटांचा खुलासा द्या, कारण त्या वेळेत पिछोल्याची फेरी सहज झाली असती. (हे मी वर लिहिलंय. पुन्हा लिहितोय, कारण फोनवर पाचही वेळा सांगूनही ते कोणी टिपून घेतलं नाही.) गाइडला वेधशाळा आणि जगमंदिर यांतला फरक शिकवा. तुटक्या बक्कलाची जॅकेटं देणाऱ्या बोटीत माणसं बसवणं आजपासून बंद करा. यातलं बाकी काही नाही केलंत तरी हे करा.

आणि एक. 'पाणी एकच आहे' हे वाक्य कंपनीच्या लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह पाठवा. आपल्या सुपरवायझरांना ते एवढं पटलेलं असेल तर कंपनीला लिहून द्यायला हरकत नसावी.

पंधरा दिवस वाट बघतो. त्यानंतर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. या कायद्याप्रमाणे तक्रार मी राहतो तिथेच करता येते, त्यासाठी मला अहमदाबादला किंवा उदयपूरला जावं लागत नाही. पाच लाखांच्या आतल्या व्यवहाराला फी नाही, वकीलही लागत नाही. मुदत दोन वर्षांची आहे. मी मागच्या वर्षी निवृत्त झालोय, वेळच वेळ आहे. पत्रक, बसचं तिकीट, मोती मगरीसमोर बोटीत बसलेल्या आईचा फोटो, ओढणीने बांधलेल्या जॅकेटचा फोटो, सगळं फाइलला लावून ठेवलंय. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आजच फोन केला. त्यांनी होल्डवर ठेवलं नाही.

आईला हे पत्र वाचून दाखवलं. तिने दोन दुरुस्त्या सांगितल्या. एक, मी घाईत 'शाहजहानचं बंड' असं लिहिलं होतं, तेव्हा तो खुर्रम होता. आणि दुसरी, 'आईला वाईट वाटलं' असं एक वाक्य होतं, ते तिने काढायला लावलं.

आपला,
(नाव, पत्ता, फोन बुकिंगप्रमाणे)

ता. क. पंढरपूर पॅकेजची लिंक आली. त्यात 'चंद्रभागेत नौकाविहार' धरलेला दिसतोय. कुठल्या नदीत, ते बुकिंगआधी लेखी कळवावे.