शनिवारचा तास

प्रिय मधू,

गुडघा कुरकुरतो, आईची शुगर आटोक्यात आहे. तब्येतीचं एवढंच. पत्र लिहायचं कारण वेगळं. इथे अमेरिकेत, आमच्या कृष्णवर्णीयांच्या कॉलेजच्या केमिस्ट्री विभागात, पहिल्या वर्षाचा शनिवारचा जादा तास बंद करायचं चाललंय. ग्रँट संपतेय म्हणे. त्याऐवजी व्हिडिओ करून टाकायचे. हे तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

एक मुलगी आहे. तिच्या शाळेत केमिस्ट्रीची लॅबच नव्हती. रात्री गोदामात काम करते आणि सकाळी आठला पहिल्या बाकावर असते. पहिल्या चाचणीत नापास झाली. पेपर पाहिला तर समीकरण बिनचूक, फक्त २५ मिलिलिटरचे लिटर करायचे राहिलेत. पुढची सगळी उत्तरं हजारपट फुगलेली. म्हणजे केमिस्ट्री येतेय रे, पोरगी एककात अडकलीय! आणि ती मला म्हणते, "सर, मी विषय बदलते." शनिवारी तिच्या हातात ब्युरेट दिलं, थेंबाथेंबाने द्रव सोडायची खुणांची नळी. गुलाबी रंग येऊन विरत होता, तर शेवटी एकेक थेंब सोडत, फिका गुलाबी टिकेपर्यंत वाकून बघत राहिली. तिन्ही रीडिंग जुळली. हिने सायन्स सोडायचं? व्हिडिओला तिचा पेपर कसा दिसणार?

तू म्हणशील, लाड. कॉलेजात असताना नागसेनवनात याच्यावरून आपण किती भांडलो! पेपर सगळ्यांना एकच, मग काहींना जादा तास का? अरे, पेपर एकच असू दे, मी कुठे नाही म्हणतो? पण मोल, म्हणजे कणांची संख्या मोजायचं केमिस्ट्रीतलं एकक, समजायला एकाला दोन तास लागतात, एकाला सहा. वरचे चार कॉलेजने द्यायचे. पाटीलसर रात्री होस्टेलवर येऊन तुझं कॅल्क्युलस घ्यायचे, तेव्हा नाही तुला लाड दिसले!

न्यू ऑर्लिन्सचं झेवियर बघ. लहानसं कृष्णवर्णीयांचं कॉलेज. १९७० च्या दशकात तिथल्या कारमायकेल नावाच्या केमिस्ट्रीच्या प्राध्यापकाने सहकाऱ्यांना घेऊन पहिल्या वर्षाचा कोर्सच नव्याने बांधला. सगळ्या तुकड्यांना एकच वर्कबुक, नेमाने ड्रिल, मुलांचे अभ्यासगट, कॉलेजआधी उन्हाळ्यात शिबिर. पुढे मेडिकल पूर्ण करणाऱ्या कृष्णवर्णीय मुलांच्या संख्येत ते कॉलेज वर्षानुवर्षं देशात पहिलं. रस्ता माहीत आहे, मधू. माणसं आणि पैसा लागतो.

आणि पैशाचं तर जुनंच दुखणं. १८९० च्या कायद्याने राज्यांना बजावलं, तुमच्या सरकारी कॉलेजात कृष्णवर्णीय मुलांना घेत नसाल तर त्यांच्यासाठी वेगळं काढा. काढली, पण हात आखडून. २०२३ मध्ये केंद्र सरकारनेच १६ गव्हर्नरांना पत्रं लिहिली की तीस वर्षांत या कॉलेजांना १२ अब्ज डॉलरहून जास्त कमी मिळालेत. आमचं राज्य त्या सोळांत आहे. सरकारी-खासगी सगळी धरली तरी देशातल्या कॉलेजांपैकी कृष्णवर्णीयांची कॉलेजं जेमतेम ३ टक्के, तरी कृष्णवर्णीयांच्या सायन्स-इंजिनिअरिंगच्या पदव्यांतला जवळपास चौथा हिस्सा तीच देतात. आणि काटछाट सुचते ती शनिवारच्या तासाची! परवापासून डोकं तापलंय माझं.

सुलभाची बदली झाली का? धाकट्याच्या नीटचं काय ठरलं? बबन भेटला तर माझा नमस्कार सांग.

बुधवारी मीटिंग आहे. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांसाठी तू एककांची शीट्स केली होतीस ना (हो, तूच, लाड म्हणणारा), ती व्हॉट्सॲपवर पाठव. मराठीतच पाठव, इंग्रजी मी करून घेतो. तास राहिला तर शनिवारी वापरीन, नाही राहिला तर माझ्या केबिनमध्ये.

तुझा,
विलास