जुन्या गाडीचे वायरिंग आणि ०.८ मिलिमीटर

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

वडिलांची जावा, काकांची राजदूत, वाड्याच्या बोळात ताडपत्रीखाली पडलेली बुलेट बाहेर काढून पुन्हा चालती करायचे वेड पुण्यात आहे आणि ते चांगलेच आहे. टाकीला रंग होतो, चाकांना नव्या स्पोक लागतात, सायलेन्सर क्रोमला जातो. वायरिंगची पाळी शेवटी येते. तोवर पैसे आणि धीर दोन्ही आटलेले असतात. मग तुटले तिथे वायरींना पीळ देऊन काळी टेप गुंडाळायची, नाहीतर जुना हार्नेस, म्हणजे गाडीतल्या सगळ्या वायरींचा बांधलेला जुडगा, अख्खा कापून ‘सगळ्या गाड्यांना चालणारे’ तयार वायरिंग ठोकून द्यायचे. या दोन्ही उपायांमागे बऱ्याचदा एकच रड असते: मापाची पिन मिळत नाही.

माप म्हणजे किती, ते सांगतो. बुलेट पिन म्हणजे वायरीच्या टोकाला दाबलेली, समोरच्या पितळी नळीत शिरणारी गोल पिन. जपानी घडणीच्या गाड्यांत ती साधारण ३.९ मिलिमीटर व्यासाची असते. ब्रिटिश लूकस कंपनीच्या पद्धतीची ४.७. फरक ०.८ मिलिमीटरचा, नुसत्या नजरेला सहज न कळणारा. काउंटरवर दोन्ही एकाच डब्यातून निघतात. लहान पिन मोठ्या नळीत सैल बसते, म्हणून नळी पक्कडीने दाबतात. दाबलेली नळी पिनेला दोनच ठिकाणी टेकते, इंजिनाच्या थरथरीने तिथे सांधा तापतो, तापलेल्या पितळेतली स्प्रिंग जाते आणि नळी आणखी ढिली होते. मोठी पिन लहान नळीत रेटली तर नळीची चीर फाकते, ती पुन्हा मिटत नाही. चपट्या पिनांतही ६.३ आणि २.८ मिलिमीटर अशी वेगळी मापे आहेत. दुकानात जाताना व्यास मोजायचा व्हर्नियर खिशात असावा. स्वस्तातला प्लॅस्टिकचाही चालेल.

एवढ्याशा ढिलाईने काय बिघडते? ६ व्होल्टच्या गाडीत २५ वॅटचा हेडलाइट साधारण ४.२ अँपिअर ओढतो. वाटेत ०.१ ओहमचा एकच खराब सांधा असेल तर तिथे ०.४ व्होल्ट खाल्ले जातात, म्हणजे ७ टक्के. फिलामेंटच्या दिव्याचा उजेड व्होल्टेजपेक्षा कितीतरी झपाट्याने पडतो. ७ टक्के व्होल्टेज गेले की उजेड जवळपास २० टक्क्यांनी उतरतो. हेडलाइटच्या वाटेत असे चार-पाच सांधे सहज असतात. ‘जुन्या गाड्यांचा लाइट पिवळाच’ असे म्हणत लोक डायनामोला बोल लावतात आणि १२ व्होल्टचे रूपांतर करून घेतात. १२ व्होल्टवर तेवढ्याच वॅटच्या दिव्याला तोच सांधा पावणेदोन टक्केच खातो. उजेड सुधारल्यासारखा वाटतो, दोष होता तिथेच राहतो.

दोष शोधायला मल्टिमीटरची, वायर सलग आहे एवढेच सांगणारी ‘बीप’ वापरू नये. वायरीतल्या सगळ्या तारा तुटून एकच उरली तरी बीप वाजते. दिवा चालू ठेवून, मीटर २ व्होल्ट डीसीवर लावून, दोन टोके सांध्याच्या अलीकडे-पलीकडे धरावीत. ०.०५ व्होल्टपर्यंत ठीक. ०.१ च्या वर गेले की तो सांधा उघडायचाच.

आता दुरुस्ती. बॅटरी सोडण्याआधी प्रत्येक जोडाचा फोटो आणि वायरीला कागदी टेपची चिठ्ठी. रंगांवर डोळे झाकून विसंबू नये: काही जुन्या ब्रिटिश घडणीच्या गाड्यांत बॅटरीचा पॉझिटिव्ह चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला असतो आणि लाल वायर चासीवर जाते. तिथे सवयीने निगेटिव्ह चासीला जोडला की रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारा भाग) जातो. जावा-येझदीत रंगापेक्षा टर्मिनलचे जर्मन आकडे खरे: ३० बॅटरी, ३१ चासी, १५ इग्निशन, ६१ चार्जिंगचा दिवा. हे आकडे पाठ असले की निम्मे काम होते.

हार्नेसवरची पट्टी उकलावी, ब्लेडने चिरू नये. आतल्या वायरीच्या प्लॅस्टिकला ओरखडा पडला की पुढच्या पावसाळ्यात तिथूनच पाणी शिरते. वायर सोलल्यावर तांबे काळे दिसले तर आणखी मागे कापत जावे, लख्ख तांबे लागेपर्यंत. काळ्या तांब्यावर कुठलीच पिन धरत नाही. अशा वेळी बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारातला एखादा मोडका हार्नेस सोने ठरतो, कारण त्यात मूळ रंगाची, मूळ रेघेची वायर मिळते. पट्ट्याची हिरवी-लाल वायर हवी तिथे साधी हिरवी घातली तर दहा वर्षांनी गाडी उघडणारा शिव्या देणार. तपकीर गल्लीतल्या विजेच्या दुकानांतली घरगुती वायर मात्र गाडीत नको. बऱ्याचदा तिच्यात जाड आणि मोजक्या तारा असतात, त्या हँडलच्या वळणावर तुटतात. गाडीच्या वायरीत बारीक तारा पुष्कळ असतात. जाडी दिवे-इंडिकेटरला ०.७५ ते १ चौरस मिलिमीटर, बॅटरीच्या मुख्य वायरीला २.५. एकाच जागी तीन-चार सांधे आले तर ते तीन-तीन सेंटिमीटर पुढेमागे घ्यावेत, नाहीतर अजगराने ससा गिळल्यासारखा हार्नेस फुगतो आणि क्लिपमध्ये बसत नाही.

पिन बसवताना आधी रबरी टोपी वायरीत ओवावी. हे लिहायची गरज नसावी, पण पिन दाबून झाल्यावर टोपी टेबलावर पडलेली दिसणे हा या धंद्यातला नेहमीचाच प्रसंग. वायर ५ मिलिमीटर सोलायची. उघड्या पिनेला दोन जोड्या पाकळ्या असतात: पुढची जोडी तांब्यावर, मागची प्लॅस्टिकवर. मागची जोडी ताण घेते, पुढची वीज नेते. दोन्ही तांब्यावर दाबल्या तर महिन्याभरात वायर मानेतून तुटते. दाबायला त्या मापाचा क्रिम्पिंग प्लायर लागतो, तो पाकळ्यांची टोके आत वळवून तांब्यात रुतवतो. साध्या पक्कडीने त्या नुसत्या चपट्या होतात. वरून कथलाचा डाग (सोल्डर) देण्याची हौस टाळावी. कथील तारांमधून वर चढते, तेवढी वायर सळईसारखी ताठ होते आणि कथील संपते त्या रेषेवर मोडते. लूकसच्या पिनांना कारखान्यातच डाग देत, हे खरे. पण तिथे रबरी नळी वायरीला आधार देई. शेवटी हाताने ओढून पाहावे. ओढल्यावर निघणारी पिन टेबलावर निघालेली बरी, कात्रजच्या घाटात नको.

अनेक पिना एकत्र जोडणाऱ्या पांढऱ्या नायलॉनच्या डबीत, म्हणजे कपलरमध्ये, पिनेच्या पाठीवर बारीक काटा असतो. घड्याळजीच्या १ मिलिमीटरच्या स्क्रूड्रायव्हरने तो दाबला की पिन मागून अलगद निघते. पुन्हा घालण्याआधी काटा किंचित बाहेर वाकवावा आणि ‘टक्’ आवाज ऐकावा. जुने नायलॉन वाळून ठिसूळ झालेले असते. कपलर तासभर गरम पाण्यात ठेवून मग उघडला तर कान मोडत नाहीत. पितळ कळकलेले असेल तर बारीक पॉलिश पेपरने घासावे. चिंच-मिठाने भांड्यासारखे चकाकते, पण आंबट अंश नळीत राहून पितळ आतून खातो.

वरची पट्टी शक्यतो बिनचिकट पीव्हीसीची असावी. चिकट टेपचा गोंद एप्रिल-मेच्या उन्हात पाझरतो आणि हार्नेस चिक्कीसारखा होतो. उभ्या भागात खालून वर, अर्ध्यावर अर्धी चढवत जावे. कौले अशीच एकावर एक असतात, पाणी वरून ओघळून जाते.

नव्याने रंगवलेल्या गाड्यांचा एक खास आजार आहे. पावडर कोटिंग म्हणजे उत्तम इन्सुलेशन. चासीचा अर्थ पॉइंट, म्हणजे अर्थ वायर चासीला टेकते ती जागा, त्याखाली गेला की हॉर्न दाबल्यावर इंडिकेटर मंदावतो, ब्रेक मारल्यावर टेललाइट विझतो. चार आण्याच्या नाण्याएवढी जागा खरवडून दातेरी वॉशर आणि वर व्हॅसलीन. शिवाय हेडलाइटपासून बॅटरीपर्यंत स्वतंत्र अर्थ वायर ओढावी. फ्यूजबद्दल थोडक्यात: लूकसच्या काचेच्या फ्यूजवरचा ३५ हा आकडा तो उडण्याचा आहे, सतत वाहून नेण्याचा सुमारे १७. तिथे आजचा ३५ अँपिअरचा फ्यूज घातला तर आधी वायर जळेल.

२०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांवरच्या, मूळ रूपातल्या गाडीला ‘व्हीए’ अक्षरांची व्हिंटेज नोंदणी मिळते. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये. त्या नियमांत चासी, बॉडी आणि इंजिनातल्या बदलांचा उल्लेख आहे, वायरिंगचा नाही. १९७३-७४ ची येझदी त्यात आता बसते, १९८३ ची राजदूत ३५० बसेल २०३३ मध्ये. त्या गाड्यांचे मूळ हार्नेस आज भंगारात जात आहेत.

म्हणून नाना पेठेतल्या सुट्या भागांच्या दुकानदारांना विनंती की ३.९ आणि ४.७ च्या पिना वेगळ्या डब्यांत ठेवाव्यात, पाकिटावर आकडा लिहावा, पिन आणि नळी एकाच मापाची जोडीने विकावी, आणि रेघांच्या वायरी मीटरवर द्याव्यात, भले दोन पैसे जास्त घ्यावेत. गिऱ्हाइकानेही तुटलेली पिन आणि तिची नळी दोन्ही सोबत न्यावी. मोबाइलवरच्या फोटोत ३.९ आणि ४.७ सारखेच दिसतात.

आपले,
जुन्या मोटारसायकलींचे वायरिंग करणारे काही कारागीर, पुणे