श्रेय घेताना जुन्या विरोधाचे काय?

मा. संपादक यांस,

स. न. वि. वि.

इराक युद्धासंबंधी आपल्या ‘वाचकांची पत्रे’ या सदरात गेले काही दिवस जी चर्चा चालू आहे, तीत एका पत्रलेखकाने डिसेंबर 2011 मधील अमेरिकी सैन्यमाघारीचे सगळे श्रेय बराक ओबामा आणि जो बायडेन यांच्या पदरात टाकले आहे. माघार त्यांच्या कारकिर्दीत पार पडली, याविषयी वाद नाही. परंतु 2007 मध्ये इराकला जादा सैन्य पाठवण्याच्या ज्या धोरणामुळे ती शक्य झाली, त्या धोरणाला या दोघांनी जाहीर आणि लेखी विरोध केला होता, ही गोष्ट त्या पत्रात कुठेच आली नाही. ती नोंदवावी, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

2006 च्या फेब्रुवारीत समारा येथील अल-अस्करी या शियापंथीयांच्या पवित्र मशिदीचा सोनेरी घुमट स्फोटाने उडवण्यात आला आणि त्यानंतर बगदादमध्ये शिया-सुन्नी हत्याकांडाने जो वेग घेतला, त्यापुढे अमेरिकी सैन्य हतबल दिसू लागले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अध्यक्ष जॉर्ज बुश यांच्या रिपब्लिकन पक्षाने काँग्रेसची दोन्ही सभागृहे गमावली आणि संरक्षणमंत्री डोनाल्ड रम्सफेल्ड यांना जावे लागले. आता माघारीची भाषा सुरू होईल, असा सर्वसाधारण अंदाज होता. बुश यांनी नेमके उलटे केले. 10 जानेवारी 2007 रोजी दूरचित्रवाणीवरील भाषणात त्यांनी वीस हजारांहून अधिक जादा सैनिक इराकला पाठवण्याचे जाहीर केले. हीच ती ‘सर्ज’ नावाने ओळखली गेलेली जादा कुमक. पुढे तिची संख्या तीस हजारांच्या घरात गेली.

त्या रात्रीच सिनेटर ओबामा यांनी एका वृत्तवाहिनीवर सांगितले की, वीस हजार सैनिक वाढवून पंथीय हिंसाचार थांबेल असे आपल्याला वाटत नाही, उलट तो वाढेल. महिना संपण्याआधी त्यांनी सिनेटमध्ये एक विधेयक मांडले. त्यानुसार सर्व लढाऊ तुकड्या 31 मार्च 2008 पर्यंत इराकबाहेर यायच्या होत्या. बायडेन तेव्हा सिनेटच्या परराष्ट्र संबंध समितीचे अध्यक्ष होते. त्यांनी कार्ल लेव्हिन आणि रिपब्लिकन पक्षाचे चक हेगल यांच्या साथीने ठराव आणला की, इराकमधील लष्करी गुंतवणूक वाढवणे अमेरिकेच्या राष्ट्रहिताचे नाही. 24 जानेवारी रोजी समितीत तो 12 विरुद्ध 9 मतांनी संमत झाला. ओबामा याच समितीचे सदस्य होते आणि त्यांचे मत ठरावाच्या बाजूने पडले. फेब्रुवारीत प्रतिनिधीगृहानेही 246 विरुद्ध 182 मतांनी कुमकेबद्दल नापसंती नोंदवली. एप्रिलमध्ये तर सिनेटमधील डेमोक्रॅटिक पक्षाचे नेते हॅरी रीड यांनी युद्ध हरल्यात जमा असल्याचे बोलून दाखवले. हा विरोध ओझरता नव्हता, ती त्या पक्षाची त्या वर्षाची मुख्य भूमिका होती.

अशी भूमिका घेणे चूक होते, असे मला मुळीच म्हणायचे नाही. चार वर्षांच्या अनुभवानंतर बुश यांच्या शब्दावर विश्वास का ठेवावा, हा प्रश्न रास्तच होता, आणि ओबामांना तर तो विचारण्याचा विशेष अधिकार होता; कारण ऑक्टोबर 2002 मध्ये, बायडेन अध्यक्षांना युद्धाचा अधिकार देणाऱ्या ठरावावर होकाराचे मत देत असताना, ओबामा शिकागोतील सभेत या युद्धालाच विरोध करत होते. माझी हरकत पुढच्या वागण्याला आहे.

जनरल डेव्हिड पेट्रेयस यांच्या हाताखाली ही कुमक 2007 च्या मध्यापर्यंत पूर्णपणे तैनात झाली आणि वर्षअखेरीस हिंसाचार झपाट्याने उतरू लागला. 2007 मध्ये इराकमध्ये सुमारे 900 अमेरिकी सैनिक मृत्युमुखी पडले. 2008 मध्ये हा आकडा तीनशेच्या थोडा वर, तर 2009 मध्ये दीडशेच्या आसपास आला. सगळे यश कुमकेचे नव्हते, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. अनबार प्रांतातील सुन्नी टोळ्या कुमकेची घोषणा होण्यापूर्वीच, 2006 च्या उत्तरार्धात, अल-कायदावर उलटल्या होत्या. त्यांच्यातील हजारो तरुणांना अमेरिकी सैन्याने पुढे पगारावर पहाऱ्याला ठेवले. ऑगस्ट 2007 मध्ये शिया धर्मगुरू मुक्तदा अल-सद्र यांनी आपल्या मेहदी सेनेला शस्त्रे खाली ठेवायला लावली. आणि बगदादमधील अनेक मिश्र वस्त्यांत एका पंथाची घरे तोवर रिकामी झालेली असल्याने मारण्यासारखे कोणी उरलेही नव्हते. हे कारण सांगताना लेखणी अडखळते, पण ते खरे आहे. यांतील कोणत्या कारणाचा वाटा किती, यावर अभ्यासकांचे आजही एकमत नाही. या कारणांपैकी एकही मात्र 2009 मध्ये सत्तेवर आलेल्या सरकारने घडवलेले नव्हते.

माघारीच्या तारखांचेही तसेच. शहरांतून अमेरिकी सैन्याने 30 जून 2009 पर्यंत बाहेर पडावे आणि 31 डिसेंबर 2011 पर्यंत इराक पूर्णपणे सोडावा, या दोन्ही तारखा बुश सरकारने इराकशी केलेल्या 2008 च्या करारात आहेत. 14 डिसेंबर 2008 रोजी बगदादमध्ये बुश आणि पंतप्रधान नूरी अल-मलिकी यांनी त्याबाबत स्वाक्षऱ्या केल्या. एका इराकी पत्रकाराने बुश यांच्या दिशेने बूट फेकले ते याच भेटीत, आणि लोकांच्या लक्षात राहिले ते बूटच. गंमत अशी की, माघारीची कालमर्यादा घालणारे विधेयक याच बुश यांनी मे 2007 मध्ये नकाराधिकार वापरून परत पाठवले होते. म्हणजे जी गोष्ट मान्य नव्हती तिच्यावरच पुढे सही करण्याचा मान केवळ डेमोक्रॅटांचा नाही. फरक एवढाच की, बुश यांच्या सहीमागे मलिकी सरकारचा रेटा होता आणि तो सर्वांना दिसत होता.

आता 10 फेब्रुवारी 2010 चा दिवस घ्या. उपाध्यक्ष बायडेन सीएनएनवरील लॅरी किंग यांच्या कार्यक्रमात गेले आणि म्हणाले की, इराक हे या सरकारच्या मोठ्या कामगिऱ्यांपैकी एक ठरू शकेल. उन्हाळा संपेपर्यंत नव्वद हजार सैनिक घरी परततील आणि तिथे स्थिर सरकार दिसेल. समितीतील ‘12 विरुद्ध 9’ला त्या दिवशी तीन वर्षे आणि काही दिवस झाले होते. ते शब्द ऐकून माजी उपाध्यक्ष डिक चेनी यांनी चारच दिवसांनी टोला मारला की, श्रेय घ्यायचेच असेल तर सोबत जॉर्ज बुश यांचे भरघोस आभारही मानावेत. चेनी यांच्या तोंडून नीतिपाठ ऐकणे कोणालाही जड जावे, कारण मुळात हे युद्ध ओढवून आणणाऱ्यांत ते अग्रभागी होते. पण या एका मुद्द्यावर त्यांचे बोलणे खोडून काढता येत नाही. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो याहून निराळा नसतो.

बायडेन यांच्या बाजूने जे म्हणता येईल, तेही म्हणतो. 2009 पासून अध्यक्षांनी इराकचा विषय त्यांच्यावर सोपवला होता, ते वारंवार बगदादला जात होते आणि मार्च 2010 च्या निवडणुकीनंतर रखडलेल्या सरकारस्थापनेत त्यांनी बरीच मध्यस्थी केली. ओबामांनीही निवडणुकीतील सोळा महिन्यांचे आश्वासन सोडून, लष्कराचे ऐकून, लढाऊ मोहीम संपवण्यासाठी 31 ऑगस्ट 2010 ही थोडी पुढची तारीख धरली. दुसऱ्याने सुरू केलेले काम न मोडता पुढे नेणे, हीसुद्धा राज्यकारभारातील एक कामगिरीच असते. बायडेन यांनी तसे म्हटले असते, म्हणजे ‘आम्ही विरोध केला होता, आमचा अंदाज चुकला, पण हाती आलेली घडी आम्ही विस्कटू दिली नाही’ असे म्हटले असते, तर त्यांना नावे ठेवण्याचे कारणच उरले नसते. ओबामा एकदा त्या शब्दांच्या अगदी जवळ गेले होते. सप्टेंबर 2008 मध्ये, ऐन प्रचारात, एका मुलाखतीत त्यांनी कबूल केले की, कुमकेला कल्पनेपलीकडे यश आले. पण मूळ विरोध चुकला होता, हे तेव्हाही त्यांनी मान्य केले नाही.

या विरोधाचा उगम कुठे होता, याविषयी नंतर जे बाहेर आले ते अधिक अस्वस्थ करणारे आहे. बुश आणि ओबामा या दोघांच्याही हाताखाली संरक्षणमंत्री राहिलेले रॉबर्ट गेट्स यांनी 2014 मध्ये प्रसिद्ध केलेल्या आठवणींत एका बैठकीची हकीकत दिली आहे. आयोवातील प्राथमिक निवडणुकीत ओबामांशी सामना असल्यामुळे आपण कुमकेला विरोध केला, असे हिलरी क्लिंटन यांनी तिथे सांगितले आणि ओबामांनीही कुमकेच्या विरोधामागे राजकारण असल्याचे मोघमपणे मान्य केले, असे गेट्स लिहितात. ही एका माणसाची साक्ष आहे, तेवढेच तिचे वजन धरावे. पण ती खरी असेल, तर ज्यांचा विरोध मनापासून नव्हता त्यांना श्रेय घेताना काही खटकण्याचाही प्रश्न नव्हता.

खरी कसोटी पुढे लागली. मुदतीनंतरही काही सैनिक इराकमध्ये ठेवण्याच्या वाटाघाटी सैनिकांना इराकी कायद्यापासून संरक्षण देण्याच्या अटीवर फिसकटल्या आणि 21 ऑक्टोबर 2011 रोजी ओबामांनी ‘वचन दिल्याप्रमाणे’ सर्व सैन्य परत येत असल्याचे जाहीर केले. डिसेंबरमध्ये फोर्ट ब्रॅग या लष्करी तळावर सैनिकांपुढे बोलताना आपण सार्वभौम, स्थिर आणि स्वावलंबी इराक मागे ठेवत आहोत, असे ते म्हणाले. 2012 च्या प्रचारात ‘युद्ध संपवीन म्हणालो आणि संपवले’ हे वाक्य सभेसभेत ऐकू आले. रिपब्लिकन उमेदवार मिट रॉम्नी यांच्याशी झालेल्या शेवटच्या वादफेरीत, इराकमध्ये दहा हजार सैनिक अडकवून ठेवणे आपण कधीच पत्करले नसते, असेही त्यांनी बजावले. मग जून 2014 मध्ये इराकमधील मोसुल शहर ‘इसिस’ या दहशतवादी संघटनेच्या हाती गेले. तिथे मजुरी करणाऱ्या 39 भारतीयांचे अपहरण झाले आणि ते मारले गेल्याची खात्रीलायक बातमी संसदेत सांगायला 2018 चा मार्च उजाडला, हे आपण विसरलेलो नाही. 9 ऑगस्ट 2014 रोजी पत्रकारांनी सैन्य न ठेवल्याबद्दल छेडले, तेव्हा ओबामांचे उत्तर असे की, जणू हा निर्णय माझाच होता अशा थाटात हा प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जातो, याचे आपल्याला नवल वाटते. निर्णय इराकी सरकारचा होता आणि करार आधीच्या सरकारचा. यातील वस्तुस्थिती बरोबर आहे. पण ती 2012 मध्येही तितकीच बरोबर होती. करार बुश यांचा आणि माघार माझी, असा हिशेब जमेच्या बाजूला चालतो, तर तोच खर्चाच्या बाजूलाही चालला पाहिजे.

रिपब्लिकन नेत्यांची वही याहून स्वच्छ नाही. बुश यांनी ठरवलेली तारीख पाळल्याबद्दल त्यांनी ओबामांना धारेवर धरले. अफगाणिस्तानात तर डोनाल्ड ट्रम्प यांनी तालिबानशी केलेल्या 29 फेब्रुवारी 2020 च्या दोहा कराराने माघार ठरवली, एप्रिल 2021 मध्ये ती उत्तम गोष्ट असल्याचे सांगितले आणि ऑगस्टमध्ये काबूल पडताच बायडेन यांचा राजीनामा मागितला.

उड्डाणपुलाला सभागृहात विरोध करणारे लोकप्रतिनिधी उद्घाटनाच्या दिवशी फलकावर हात जोडून उभे दिसतात, हे आपल्याकडे नित्याचे आहे, आणि त्यासाठी आपल्या वृत्तपत्रांनी ‘श्रेयवाद’ असा नेमका शब्दही घडवला आहे. पुलावरचा फलक वाऱ्यापावसाने फाटतो आणि कोणाचे फारसे बिघडत नाही. युद्धाच्या बाबतीत मात्र मतदाराने पुढच्या वेळी कोणाच्या अंदाजावर विश्वास ठेवावा, हे याच नोंदींवरून ठरत असते. म्हणून आपणास एक विनंती आहे. परदेशातील असो वा आपल्याकडील, कोणी नेता लष्करी मोहिमेचे यश आपल्या खाती मांडेल, तेव्हा त्या बातमीच्याच चौकटीत त्याने त्या मोहिमेविषयी सभागृहात कोणत्या तारखेला कोणते मत दिले, हेही आपण छापावे. बायडेन यांच्या बाबतीत त्यासाठी दोन ओळी पुरल्या असत्या.

कळावे,

आपला नियमित वाचक,
सातारा