थोरल्या भावाची बाजू

सांगली

चि. अभिजित यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

‘पैगाम’ पाहून तू फोनवर म्हणालास की, त्यातला थोरला भाऊ मालकापुढे लाचार आहे. ते मला मुळीच पटले नाही, म्हणून सविस्तर लिहीत आहे. १९५९ सालच्या त्या चित्रपटात दोघे सख्खे भाऊ एकाच गिरणीत आहेत. शिकून आलेला दिलीपकुमार कामगारांना संघटित करतो आणि थोरला राजकुमार मात्र ज्या मालकाचे अन्न खाल्ले त्याच्याविरुद्ध उभे राहायला तयार होत नाही. हक्काची बाजू धाकट्याचीच आहे, हे मलाही मान्य आहे. पण ज्याच्या पगारावर चूल पेटते, त्याच्या सावधपणाला लाचारी म्हणू नये.

साखर कारखान्याच्या आपल्या गावांत हा पेच अधिकच अवघड असतो, कारण संचालक आणि गव्हाणीवरचा, म्हणजे ऊस यंत्रात सोडतात तिथला, हंगामी कामगार पुष्कळदा एकाच भावकीतले असतात. तुझा मामा रात्रपाळी करून यायचा तेव्हा त्याच्या मानेवर, कानामागे बगॅसची, म्हणजे रस काढून उरलेल्या उसाच्या चोथ्याची, भुकटी चिकटलेली असे. कायम होण्यासाठी ज्यांच्या शब्दाची गरज होती, त्यांच्याच घरच्या लग्नात तो पंगतीत वाढायला उभा राहिला. मग गेटवर त्यांच्याविरुद्ध घोषणा कोणत्या तोंडाने देणार होता? त्याला कोणी दरडावले नव्हते, नात्यानेच त्याचे तोंड बंद केले होते.

१९७५ च्या ‘दीवार’मध्ये हेच उघड जबरदस्तीने घडते. कामगारांचा पुढारी बायकामुलांच्या जिवासाठी मालकाच्या कागदावर सही करतो, आणि ज्यांनी त्याला डोक्यावर घेतले होते तेच त्याच्यावर उलटतात. त्याच्या लहानग्या मुलाच्या हातावर ‘मेरा बाप चोर है’ असे गोंदवले जाते. ते पाहताना मला मालकाइतकाच त्या गोंदवणाऱ्यांचाही संताप येतो, कारण सही कोणी आणि कशी करून घेतली, हे एकानेही विचारले नाही.

तुला हे आत्ताच सांगण्याचे कारण असे की, तू आता त्याच कारखान्यात लेबर ऑफिसर म्हणून रुजू होतो आहेस जिथे मामा आहे. ‘दीवार’मधल्या त्या पुढाऱ्याचा धाकटा मुलगा रवी पोलीस अधिकारी होतो आणि त्याच्यापुढे सख्ख्या भावाच्या गुन्ह्यांचे प्रकरण येते, तेव्हा तो आधी कचरतो आणि पुढे ते स्वीकारतो. चित्रपटात ते शोभले. तू मात्र तसे करू नकोस. मामाच्या खात्यातली चौकशी तुझ्याकडे आली, तर नाते लेखी कळवून ती दुसऱ्या अधिकाऱ्याकडे सोपवायला सांग. इतर कोणत्याही कामगाराची चौकशी आली, तर आरोपपत्र काढण्याआधी त्याच्याशी स्वतः बोल, त्याच्या घरी किती माणसे त्याच्यावर अवलंबून आहेत ते विचार आणि त्याचे म्हणणे त्याच्याच शब्दांत लिहून घे. मामाला कारखान्यातही मामाच म्हण. त्याने चारचौघांत तुला ‘साहेब’ म्हटले, तर तिथल्या तिथे थांबव.

तुझी,
आई