चौरस फुटांच्या भावाने विकलेले अंडरफ्लोअर हीटिंग: तक्रार आणि दुरुस्तीची मागणी

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग
(अंडरफ्लोअर हीटिंग पुरवठा व जोडणी), पुणे

विषय: मनाली, जि. कुल्लू येथील घरात बसवलेल्या पाण्याच्या अंडरफ्लोअर हीटिंगमधील दोष व त्यांची भरपाई

महोदय,

आपल्या कंपनीने बसवलेल्या, फरशीखालच्या पाइपांत गरम पाणी फिरवून घर तापवणाऱ्या यंत्रणेत जानेवारीच्या रात्री बाहेर उणे ५ अंश असताना हॉलचे तापमान १५.५ अंशांवर अडकते. कोटेशनमध्ये २० अंशांची हमी आहे. आपल्या इंजिनिअरने फोनवर "पाण्याचे तापमान ५५ अंशांपर्यंत वाढवा" एवढाच सल्ला दिला. तो का चालणार नाही आणि चूक नेमकी कुठे झाली, हे खाली आकड्यांसह मांडत आहे. हे पत्र विक्री विभागाऐवजी डिझाइन करणाऱ्या माणसाच्या टेबलावर जावे, ही विनंती.

मूळ चूक कोटेशनच्या पहिल्याच ओळीत आहे. सगळ्या खोल्यांना चौरस फुटाला एकच दर. खोलीतून किती उष्णता बाहेर जाते याचा हिशेब कागदपत्रांत कुठेही नाही. तो हिशेब अर्ध्या तासाचा आहे. हॉल ६ × ४ मीटर, उंची २.७५ मीटर, दोन भिंती बाहेरच्या. दुहेरी काच ९ चौ.मी., तिच्यातून २५ अंशांच्या फरकाला सुमारे ६३० वॅट जातात. उरलेली १८.५ चौ.मी. भिंत २३० मिमी विटांची, दोन्हीकडून गिलावा, इन्सुलेशन शून्य: ९२५ वॅट. छत ३६०. हवा तासाला एकदा बदलते असे धरले तर ५४५. बेरीज २,४६० वॅट, म्हणजे चौरस मीटरला १०० वॅटच्या थोडे वर.

आता जमीन किती देऊ शकते ते पाहा. ईएन १२६४ या युरोपीय मानकानुसार वावरायच्या जागेत फरशीचा पृष्ठभाग २९ अंशांपलीकडे नेत नाहीत. खोली २० अंशांवर असेल तर तेवढ्यात चौरस मीटरला साधारण १०० वॅट मिळतात. म्हणजे कोटा लादी घातली असती तरी हे घर जेमतेम काठावर होते. आपल्या प्रतिनिधीने मात्र "लाकूड, टाइल, काहीही चालते" असे ईमेलवर लिहून दिले, आणि त्या भरवशावर हॉलमध्ये १८ मिमी देवदाराच्या फळ्या बसल्या. लाकूड चालत नाही असे माझे म्हणणे नाही. या फळीचा उष्णतारोध सुमारे ०.१४ येतो, मानकाची मर्यादा ०.१५ आहे. पण लाकडाचा पृष्ठभाग २७ अंशांवर थांबवावा लागतो, नाहीतर फळ्या सुकून सांधे उघडतात. २७ अंशांना मिळतात चौरस मीटरला ७५ वॅट, अख्ख्या हॉलला १,८००. गरज २,४६० ची. ही तूट कोटेशन देतानाच दिसायला हवी होती.

प्रत्यक्षात फळी २७ अंशांपर्यंतही पोचत नाही, कारण पाइपची मांडणी. १६ मिमी पाइप १५० मिमी अंतरावर टाकला तर चौरस मीटरला ६.७ मीटर लागतो. २४ चौ.मी.ला झाले १६० मीटर, आणि आपल्या माणसांनी ते सगळे एकाच लूपमध्ये (सलग वेटोळ्यात) घातले. या व्यासाच्या पाइपला एका लूपची लांबी १०० मीटरच्या आत ठेवतात, हे या धंद्यातल्या नवख्यालाही ठाऊक असते. २ किलोवॅट उष्णता ५ अंशांच्या फरकाने पोचवायला मिनिटाला पावणेसहा लिटर पाणी फिरायला हवे. १६० मीटरच्या लूपमधून ते ढकलायला सुमारे १४ मीटर हेड (पंपाचा दाब) लागते, बसवलेला पंप आहे ६ मीटरचा. मॅनिफोल्डवरच्या (लूपना पाणी वाटणाऱ्या जोडणीवरच्या) काचेच्या नळीत फ्लो मीटरची लाल चकती ३ वरच येऊन थांबते. व्हॉल्व्ह पूर्ण उघडला तरी तसूभर हलत नाही. जाणारे पाणी ४५ अंश, परतणारे ३५. मिनिटाला ३ लिटर आणि १० अंशांचा फरक, म्हणजे जेमतेम २.१ किलोवॅट, त्यातला थोडा भाग खाली जमिनीत. फळीचा पृष्ठभाग २३.५ अंश भरतो. हे सगळे आकडे १५.५ अंशांच्या हॉलशी तंतोतंत जुळतात. म्हणजे बिघाड कशातच नाही, यंत्रणा जशी बांधली तशीच चालते आहे. ८० मीटरचे दोन लूप केले असते तर हाच पंप सहज पुरला असता.

पाणी ५५ अंशांवर नेण्याच्या सल्ल्याबद्दल. सिमेंटच्या कोब्याला (पाइपांवर ओतलेल्या थराला) पाइपभोवती ५५ अंश ही कमाल मर्यादा आहे, रोजचे चालवण्याचे तापमान नव्हे. शिवाय कोटेशनमधला हीट पंपाचा (बाहेरची उष्णता ओढून पाणी तापवणाऱ्या यंत्राचा) ८ किलोवॅट हा आकडा बाहेर ७ अंश आणि पाणी ३५ अंश असतानाचा आहे. उणे ५ ला आणि ५५ अंशांच्या पाण्याला तोच पंप बराच कमी उष्णता देतो आणि तेवढ्याच उष्णतेला जास्त वीज खातो. बिल माझे वाढणार, फळ्या माझ्या वाकणार. सध्या संध्याकाळी लोखंडी तंदूर पेटवून हॉल उबदार ठेवावा लागतो. मग जमिनीखाली १६० मीटर पाइप कशासाठी पुरला?

कोब्याच्या कामाचे थोडक्यात. हॉल आणि शेजारची खोली मिळून १०.५ मीटर लांबीचा कोबा सलग ओतला. ८ मीटरपुढे सांधा द्यायला हवा, तो दारात आला असता. तो नाही, भिंतीलगतची फोमची पट्टीही तीन बाजूंना नाही. कोबा सहाव्या दिवशी तापवला. सिमेंटच्या कोब्याला किमान २१ दिवस थांबून आधी तीन दिवस २५ अंशांचे पाणी आणि मग चार दिवस कमाल तापमान, असा क्रम आहे. परिणाम: दारातल्या चार लाद्या एका रेषेत तडकल्या आहेत. त्या रेषेखालून शेजारच्या खोलीचे दोन पाइप जातात आणि त्यांवर संरक्षक नळी घातलेली नाही. चिंता लाद्यांची नाही, त्या पाइपांची आहे. कोबा ओतताना पाइपमध्ये ४ ते ६ बार दाब ठेवल्याची नोंदही मला मिळालेली नाही.

बाथरूममध्ये विजेची मॅट निवडली हे बरोबरच केले. लहान जागा, थोडा वेळ वापर, तिथे पाण्याचा लूप ओढण्यात अर्थ नव्हता. पण २ चौ.मी. मॅटला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) नाही, ओल्या जागेत हे धोकादायक आहे. तो बसेपर्यंत मॅट बंद ठेवली आहे. फरशीचा सेन्सर दोन केबलींच्या मधोमध, नळीत सरकवलेला हवा. आपल्या गवंड्याने तो केबलला चिकटवून थेट मसाल्यात पुरला. म्हणून थर्मोस्टॅट मॅट लवकर बंद करतो आणि फरशी कोमट राहते. सेन्सर उद्या बिघडला तर लादी फोडल्याशिवाय बदलता येणार नाही. वॉरंटी कार्डावर केबलच्या विद्युत रोधाची जागा कोरी आहे. ३०० वॅटच्या मॅटचा २३० व्होल्टला सुमारे १७६ ओहम यायला हवा, आणि मॅट टाकण्याआधी, टाकल्यावर व लादी बसल्यावर असे तिन्ही वेळचे आकडे तिथे असायला हवेत.

आता मागण्या. हॉलची जमीन फोडा असे मी म्हणत नाही. फोडून नवे लूप टाकले तरी लाकडाखालून ७५ वॅटच्या वर काही येणार नाही. उपाय भिंतीत आहे. त्या १८.५ चौ.मी. बाहेरच्या भिंतींना आतून ५० मिमी एक्सपीएस (उष्णता अडवणारे फोमचे तक्ते) आणि त्यावर बोर्ड लावला की भिंतींची गळती ९२५ वरून सुमारे २४० वॅटवर येते. हॉलची एकूण गरज १,७७५ वॅट होते, चौरस मीटरला ७४. मग आहे तोच लूप, तीच फळी, तोच पंप ४५ ते ४७ अंशांच्या पाण्यावर २० अंश देऊ शकतो. हे काम आपल्या खर्चाने करून द्यावे.

त्यासोबत: दारातली रेषा उघडून कोब्यात सांधा कापणे, पाइपांना नळी घालणे आणि ६ बारला दाबचाचणी घेऊन लेखी अहवाल देणे. चाचणीनंतर साध्या पाण्याऐवजी ३० टक्के प्रॉपिलीन ग्लायकॉलचे मिश्रण भरणे, कारण इथे हिवाळ्यात वीज गेली की पंप थांबतो आणि बंद घरात पाइप गोठू शकतात. बाथरूममध्ये आरसीसीबी आणि नळीतला नवा सेन्सर. आणि सगळ्या खोल्यांचा उष्णतेचा हिशेब लेखी. वरच्या लाकडी मजल्याच्या कामाचा आगाऊ भरणा तोवर रोखून धरला आहे. तिथे कोब्याचे वजन चालणार नाही, फळ्यांखाली ॲल्युमिनियमच्या पत्र्यांची कोरडी पद्धत लागेल, हेही आपल्या कोटेशनमध्ये नाही.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत कामाच्या तारखांसह लेखी उत्तर अपेक्षित आहे. न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करेन. या कायद्यानुसार ती मी राहतो त्या जिल्ह्यात करता येते, त्यासाठी मला पुण्याला यावे लागणार नाही. फ्लो मीटरचे आणि लाद्यांचे फोटो, तापमानाच्या नोंदी, कोटेशन आणि आपल्या प्रतिनिधीचा ईमेल सोबत जोडला आहे. पाहणीला माणूस पाठवाल तेव्हा त्याच्याकडे दाबमापक, मेगर (तारांचे इन्सुलेशन तपासणारे यंत्र) आणि पृष्ठभागाचा थर्मामीटर असावा. मागच्या वेळी आलेल्याकडे फक्त मोबाइल होता.

आपला,
घरमालक व ग्राहक