दागिना मोडण्यापूर्वी त्याची नोंद व्हावी

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

शिवजयंतीच्या मिरवणुका, शाळांची स्नेहसंमेलने आणि हौशी मंडळांची ऐतिहासिक नाटके यांची छायाचित्रे आपल्या दैनिकाच्या कोकण आवृत्तीत वर्षभर प्रसिद्ध होत असतात. ती पाहताना एक गोष्ट मला सतत खटकते, म्हणून हे पत्र लिहीत आहे. या छायाचित्रांतील जिजाऊ असोत, रमाबाई पेशवे असोत की झाशीच्या राणी लक्ष्मीबाई, प्रत्येकीच्या अंगावर तीच टपोऱ्या मोत्यांची नथ, तोच कोल्हापुरी साज, तीच ठुशी आणि कपाळावर तीच चंद्रकोर असते. जिजाऊंचा जन्म १५९८ चा आणि लक्ष्मीबाईंचे निधन १८५८ चे. मधली दोनशे साठ वर्षे, वेगवेगळी घराणी आणि वेगवेगळे मुलूख आपण भाड्याने आणलेल्या एका डब्यात बंद करून टाकतो.

राजापूर परिसरातील हौशी नाट्यमंडळांची वेशभूषा मी गेली बावीस वर्षे सांभाळते. नऊवारीची नेसण आणि पगडीचा बांध यांविषयी आता थोडी जागरूकता आली आहे. दागिन्यांविषयी मात्र ‘मराठमोळा सेट’ आणला की काम संपले, अशीच समजूत आहे. पूर्वी माझीही तीच होती. सवाई माधवरावांच्या जन्माच्या सुमाराचे एक नाटक आम्ही बसवले, तेव्हा गंगाबाईंचे काम करणाऱ्या मुलीला मी तिन्ही अंकांत नथ घातली होती. नारायणरावांचा खून ३० ऑगस्ट १७७३ रोजी झाला आणि सवाई माधवरावांचा जन्म १८ एप्रिल १७७४ रोजी पुरंदरावर झाला, म्हणजे आमच्या नाटकाच्या शेवटच्या दोन अंकांत गंगाबाई विधवा होत्या. प्रयोग संपल्यावर एक वृद्ध बाई रंगपटात आल्या आणि त्यांनी हळूच विचारले, “बाय, तिचं कुंकू पुसलंत, मग नथ कशी राहिली?” तो प्रश्न आजही टोचतो. दागिन्यांचा अभ्यास मी त्या रात्रीनंतर सुरू केला.

या अभ्यासात पहिली अडचण येते ती स्त्रियांच्या दागिन्यांची. पुरुषांच्या बाबतीत समकालीन चित्रे आहेत. जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार १७९१ मध्ये मुंबईत आला, पुढे पुण्याच्या दरबारी गेला, आणि त्याने रंगवलेल्या चित्रांतून पेशव्यांच्या गळ्यातील मोत्यांचे सर, शिरपेच आणि तुरा यांची मांडणी बऱ्यापैकी कळते. घरंदाज स्त्रिया परक्या चित्रकारासमोर अशा बसत नसत. त्यामुळे त्यांच्या दागिन्यांसाठी छायाचित्रणाच्या काळापर्यंत खाली यावे लागते आणि तिथून कागदपत्रांच्या आधाराने एकेक पायरी मागे जावे लागते. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्ये निघाली, आणि १८६० च्या दशकात विल्यम जॉन्सन याने मुंबईतील निरनिराळ्या जातीजमातींची छायाचित्रे प्रसिद्ध केली. आपल्याकडे मात्र पेशवाईच्या नाटकासाठी सर्रास राजा रविवर्म्याच्या छापील चित्रांवरून दागिने ठरवले जातात. रविवर्म्याचा छापखाना १८९४ चा आहे. त्या चित्रांतील लक्ष्मी-सरस्वतींचा साज चितारणाऱ्याच्या काळाला जवळचा आहे, शनिवारवाड्याच्या वैभवकाळाला नव्हे.

जुनी छायाचित्रे वाचण्याचीही एक रीत आहे, आणि ती माहीत नसल्यामुळे मी स्वतः अनेकदा फसले. त्या वेळी छायाचित्र काचेवर घेत, आणि त्या काचेवर निळा प्रकाश लगेच उमटे. लाल आणि पिवळा फारसा उमटत नसे. त्यामुळे कुंकू काळे दिसते, सोने काळपट दिसते, आणि पोवळ्यांची माळ काळ्या मण्यांची वाटते. अशाच एका छायाचित्रावरून मी एका पात्रासाठी काळ्या मण्यांचे चार सर गाठवून घेतले होते. दुसरी गोष्ट डाव्या-उजव्याची. आपल्याकडे नथ डाव्या नाकपुडीत घालतात. छायाचित्रात ती उजवीकडे दिसली, तर काच उलटी ठेवून प्रत काढली गेली असण्याचा संभव मोठा. मग पदर आणि वाकी याही उलटसुलट झालेल्या असतात.

नथेविषयी आणखी थोडे लिहिणे आवश्यक आहे, कारण तिचा अभ्यास आपल्याच जिल्ह्यातील माणसाने केला. देवरूखला जन्मलेले आणि पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात अभिरक्षक म्हणून आयुष्य घालवलेले परशुराम कृष्ण गोडे यांनी १९३० च्या दशकात नथेच्या प्राचीनतेचा शोध घेतला, आणि इसवी सनाच्या पहिल्या हजार वर्षांत नाकातील दागिन्याचा पुरावा मिळत नाही असे दाखवले. तरीही सुरुवातीच्या शिलाहारांच्या काळातील कथेवर नृत्यनाट्य होते तेव्हा नायिकेला हमखास नथ चढवली जाते. शिलाहारांची उत्तर कोकणातील सत्ता नवव्या ते तेराव्या शतकातली आहे, आणि त्या काळाचे दागिने पाहायचे तर वीरगळ, सतीशिळेवरील हातातला चुडा आणि मंदिरांतील मूर्ती आपल्या गावोगावी उभ्या आहेत.

घडणीकडे तर आपले लक्षच जात नाही. कुंदनकामात खडा दाताने धरत नाहीत, शुद्ध सोन्याच्या पट्टीने बसवतात आणि खाली डाक, म्हणजे चमकदार पातळ पत्रा, घालतात. म्हणून त्याची चमक मऊ असते. अमेरिकन डायमंड बाजारात आले ते १९७० च्या दशकानंतर, आणि रंगमंचाच्या दिव्यात ते असे लखलखतात की पात्राचा चेहरा दिसेनासा होतो. मोती आखाती समुद्रातले, म्हणून लहानमोठे असत. एकसारखे गोल मोती ही विसाव्या शतकातील जपानी लागवडीची देणगी आहे. तन्मणी, चिंचपेटी, ठुशी यांना मागे गोंड्याची दोरी असे, आणि ते गाठवण्याचे काम पटवेकऱ्याचे. पुतळीमाळेची कथा तर थेट आपल्या समुद्राशी जोडलेली आहे. व्हेनिसचे डुकॅट हे सोन्याचे नाणे १२८४ पासून १७९७ पर्यंत पाडले जात होते, आणि ते अरबी समुद्रामार्गे पश्चिम किनाऱ्यावर येई. त्यावरील मनुष्याकृतींमुळे आपल्या लोकांनी त्याला ‘पुतळी’ म्हटले. मूळ पुतळीवर एक संत आणि त्याच्यासमोर गुडघे टेकलेला राज्यप्रमुख असतो. म्हणून सतराव्या-अठराव्या शतकातील पात्राच्या गळ्यात लक्ष्मीची छाप असलेली माळ घालताना आता माझा हात थबकतो.

हे सारे ग्रंथालयातून आणि संग्रहालयांतून मिळवता येते. ज्याला पर्याय नाही असा पुरावा मात्र आपल्या घरांत आहे, आणि तो वेगाने नाहीसा होत आहे. कोकणातील अनेक घरांच्या पेटाऱ्यांत लग्नाच्या वेळच्या मोडी लिपीतल्या याद्या असतात, त्यांत दागिन्याचे नाव आणि वजन तोळे, मासे, गुंजांत लिहिलेले असते. आठ गुंजांचा मासा आणि बारा मासे म्हणजे एक तोळा, हा हिशेब एकदा मनात बसला की हातातल्या गोठांचे वजन वाचून ते भरीव होते की लाखेवर पत्रा मढवलेले, याचा अंदाज येतो. यादी राहते, पण दागिना सोनाराकडे मोडीत जातो. १९६३ च्या सुवर्ण नियंत्रणाने १४ कॅरेटवरील सोन्याचे दागिने घडवण्यावर बंधन आणले, तेव्हा कित्येक जुन्या कारागिरांनी धंदा सोडला. त्यांच्या हातचे जे उरले आहे तेही आता सोन्याचा भाव चढला की मुशीत जाते. गरजेपोटी दागिना मोडणाऱ्याला मी दोष देत नाही. माझ्या आजेसासूबाईंची मूद आणि केतक ही केसांत घालायची लेणी याच वाटेने गेली, त्यातून दोन मुलांची शिक्षणे झाली.

माझी विनंती एवढीच आहे की मोडण्यापूर्वी दागिन्याची पुढून, मागून आणि फिरकीची किंवा दोरीची बाजू दिसेल अशी छायाचित्रे घ्यावीत, शेजारी मोजपट्टी ठेवावी, वजन लिहावे, आणि तो कोणत्या गावच्या, कोणत्या पिढीतील स्त्रीचा, ती कधी घाले, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून मागे टिपून ठेवावे. सराफ मंडळींनीही मोड घेताना मालकाच्या संमतीने असे एक छायाचित्र ठेवले, तर त्यांना पाच मिनिटांपेक्षा अधिक वेळ लागणार नाही. आपल्या रविवार पुरवणीत दर आठवड्याला वाचकांकडून आलेल्या अशा एका दागिन्याला किंवा जुन्या छायाचित्राला जागा द्यावी, असे मी सुचवते. पहिल्या आठवड्यासाठी माझ्या आजेसासूबाईंचे लग्नातले छायाचित्र पाठवण्यास मी तयार आहे. त्यात मूद आणि केतक दोन्ही स्पष्ट दिसतात.

आपली,
एक वाचक, राजापूर