जुन्या जाहिराती आणि ‘आजचे दूरदर्शन’ही खुले करा

मा. संपादक,

स. न. वि. वि.

जुन्या चित्रपटांच्या रिळांची दुरुस्ती करून ते पुन्हा पडद्यावर आणण्याच्या खटपटीबद्दल आपल्या रविवार पुरवणीत लेख आला होता. लेख चांगला होता, पण त्याने एक जुनी खंत वर आली. चित्रपटाचा इतिहास म्हणजे चित्रपटच, रिळे वाचवली की काम झाले, असा आपल्याकडे समज आहे. माझी सगळी नोकरी ग्रंथालयात गेली, त्यामुळे माझे लक्ष कागदाकडे जाते. त्या कागदातला मोठा साठा आपल्याच दैनिकाच्या जुन्या फायलींमध्ये पडून आहे, म्हणून हे पत्र.

या बाबतीत पुण्याइतके नशीबवान शहर नाही. ‘प्रभात’ ही चित्रपट कंपनी १९३३ साली कोल्हापूरहून इथे आली. तिच्याच आवारात १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली आणि १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय. संग्रहालय उभे करणाऱ्या पी. के. नायर यांनी तिथे रिळांबरोबर पोस्टर, छायाचित्रे आणि थिएटरात विकल्या जाणाऱ्या गाण्यांच्या चोपड्याही गोळा केल्या. असे असूनही कोथरूडमध्ये बसलेल्या विद्यार्थ्याला हॉलिवूडची नव्वद वर्षांपूर्वीची व्यापारी साप्ताहिके फुकट वाचता येतात, आणि त्याच आठवड्यात पुण्यात कुठे काय लागले होते हे शोधायचे तर धूळ खात बसावे लागते. ‘मीडिया हिस्टरी डिजिटल लायब्ररी’ या अमेरिकन उपक्रमाने चित्रपट, नभोवाणीवरच्या नियतकालिकांची लाखो पाने जालावर ठेवली आहेत. ‘लँटर्न’ नावाच्या शोधखिडकीत नाव टाकले की पान समोर. मुंबईहून १९३५ पासून बाबूराव पटेल काढत त्या ‘फिल्मइंडिया’चे जुने अंकही आपल्याला परदेशी संकेतस्थळावरच वाचायला मिळतात. १९२७-२८ साली चित्रपटधंद्याची चौकशी करणाऱ्या रंगाचारियर समितीचा अहवाल आणि साक्षींचे खंड इंटरनेट अर्काइव्हवर आहेत. त्यात दादासाहेब फाळक्यांची साक्ष आहे, ती मराठी माणसाने एकदा तरी वाचावी. आपल्याकडचे चांगले काम म्हणजे २०१३ साली सुरू झालेले ‘इंडियनसिने डॉट एमए’ हे संकेतस्थळ. तिथे चित्रपटाच्या एकेका क्षणाला टीप जोडता येते.

हे सगळे वापरावे, पण एकाच नोंदीवर विसंबू नये. हिंदू आणि मुसलमान शेजाऱ्यांच्या मैत्रीवरचा १९४१ चा ‘शेजारी’ घ्या. प्रभातने तो मराठीत ‘शेजारी’ आणि हिंदीत ‘पडोसी’ असा दोनदा केला. मराठीत केशवराव दाते आणि गजानन जागीरदार, तर हिंदीत दात्यांच्या जागी मझहर खान. म्हणजे हिंदीत हिंदू ठाकूर मुसलमान नटाने उभा केला आणि मिर्झा हिंदू नटाने. त्या वर्षी, त्या वातावरणात, ही नुसती पात्रनिवड नव्हती. दोन्ही चित्रपटांची एकच नोंद केली, की नेमके हेच गळून पडते.

तारखांचेही तसेच. नोंदीत प्रदर्शनाची तारीख एक असते. ती मुंबईची, पुण्याची की सेन्सॉरच्या प्रमाणपत्राची, हे कोण सांगणार? प्रिंट मोजक्या असत, गावोगाव फिरत फिरत जात. वाद मिटवते ती वर्तमानपत्रातली जाहिरात. थिएटर कुठले, खेळ किती, आठवडा कितवा, सारे तिथे छापलेले असते. ‘संत तुकाराम’ मुंबईत एकाच चित्रपटगृहात वर्षाहून अधिक चालला हे आपण कौतुकाने सांगतो. सोलापुरात तो किती आठवडे होता, हे मात्र जाहिरातींच्या त्या चौकटी मोजूनच कळेल.

आणि ग्रंथालयांतल्या बांधीव फायलींत नेमक्या याच चौकटी नसतात. नटीचा फोटो दिसला की ब्लेड लावणारे रसिक प्रत्येक पिढीत होऊन गेले. उरलेले पान घडीवर तुटते. शिवणीजवळचा रकाना वाचायला फाईल जरा जास्त उघडली, तर ती उसवते. न्यूजप्रिंट हा दुसऱ्या दिवशी रद्दीत जाण्यासाठीच केलेला कागद, तो तरी किती टिकणार?

दूरचित्रवाणीचे तर विचारूच नका. दूरदर्शनचे मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि पुढच्या वर्षी सिंहगडावरच्या मनोऱ्यामुळे ते पुण्यात दिसू लागले. तेव्हा पुष्कळ कार्यक्रम थेट जात. ज्यांचे चित्रमुद्रण होई, त्यांच्याही टेपा महाग म्हणून पुसून पुन्हा वापरत. आज प्रसार भारती यूट्यूबवर जे दाखवते, ते उरलेल्यातले आहे. दूरदर्शन मालिकेतला दिलीप प्रभावळकरांचा चिमणराव आणि बाळ कर्व्यांचा गुंड्याभाऊ सगळ्यांच्या लक्षात आहेत, पण कुठला भाग कोणत्या संध्याकाळी लागला हे विचारा. संभाजी बागेतल्या एका बाकावर चार जण बसवलेत, तर पाच वेगवेगळी वर्षे ऐकायला मिळतील.

टेपा बीबीसीनेही पुसल्या. ‘डॉक्टर हू’ या त्यांच्या मालिकेचे १९६० च्या दशकातले नव्वदहून अधिक भाग अजून सापडलेले नाहीत. पण त्यांनी ‘रेडिओ टाइम्स’ या आपल्या साप्ताहिकामधली १९२३ ते २००९ ची कार्यक्रमपत्रके ‘जीनोम’ या नावाने खुली केली. चित्र गेले तरी कोणत्या दिवशी, किती वाजता, काय होते, एवढे तरी शोधता येते. आपल्याकडे ते काम दैनिकांतल्या ‘आजचे दूरदर्शन’, ‘आजचे कार्यक्रम’ अशा रकान्यांनी केले. कोपऱ्यातल्या त्या आठ-दहा ओळींचा असा उपयोग होईल, हे खिळे जुळवणाऱ्याच्या स्वप्नातही आले नसेल.

तेव्हा विनंती अशी, की आपण आपल्या फायलींतली चित्रपटांच्या जाहिरातींची पाने आणि १९७२ पासूनचे कार्यक्रमांचे रकाने स्कॅन करून तारीखवार जालावर ठेवावेत. सगळे अंक स्कॅन करण्याची भव्य योजना नको. अशा योजनांचे उद्घाटन थाटात होते, पुढे काय होते ते आपल्या बातमीदारांना चांगले ठाऊक आहे. आधी नुसती पानांची चित्रे ठेवलीत तरी चालेल, शोधण्याची सोय मागाहून करता येईल. छापील देवनागरी यंत्राला आता बऱ्यापैकी वाचता येते. खिळ्यांच्या छपाईतली तुटकी जोडाक्षरे चुकतील, ती वाचक सुधारून पाठवतील. पुणेकर वाचकांना चुका कळवायला आवडतात, हे आपल्या टपालावरून आपण जाणताच.

आपल्याकडे जे अंक नाहीत त्यांची तारीखवार यादी एकदा छापावी. पेठांतल्या माळ्यांवर आणि रद्दीवाल्यांकडे अजून काही निघेल. नोंदी करायला मी आणि माझे निवृत्त सहकारी आठवड्यातून दोन दुपारी यायला तयार आहोत. मानधन नको. चहा मात्र हवा, आणि तो फायलींच्या टेबलापासून लांब दुसऱ्या खोलीत.

आपली,
एक निवृत्त ग्रंथपाल,
एरंडवणे, पुणे